ऊसतोड कुटुंबांची लहान लेकरं आणि सरकारी निधी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की कृष्णाकाठच्या रिकाम्या रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात आणि माझा फोन वाजायला लागतो. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात मी अंगणवाडी पर्यवेक्षिका होते. नोकरी संपली, फोन नंबर तोच राहिला. मुकादमाच्या, म्हणजे मजुरांची टोळी आणणाऱ्या ठेकेदाराच्या, मोबाईलवरून एखादी आई बोलते, कराडकडचे एखादे गुरुजी मेसेज टाकतात, नवी लागलेली सेविका घाबरून विचारते, कधी ग्रामपंचायतीचा सदस्य जरा चढ्या आवाजात. प्रश्न फिरून फिरून तेच. म्हणून ते इथे एकत्र केलेत. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तर क्रमांक दिलाय, तिकडे बघा.

१. टोळीबरोबर आलेल्या लहान मुलांसाठी सरकारचा पैसा येतो तरी कुठून?

एकाच ठिकाणाहून नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. सहा वर्षांखालच्या मुलांचा मोठा पैसा एकात्मिक बालविकास योजनेचा, म्हणजे अंगणवाडीचा. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेली ही योजना आता ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ या नावाखाली चालते. आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा उचलतात, बाकीच्या बाबींत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. सहा वर्षांवरच्या मुलांचा पैसा समग्र शिक्षा अभियानातून, तिथेही वाटणी ६०-४० चीच. लसीकरण आणि बाळंतपण आरोग्य खात्याकडे. धान्य पुरवठा खात्याकडे. ऊसतोड कामगारांचं महामंडळ सामाजिक न्याय विभागाकडे. जिल्हा वार्षिक योजनेत ३ टक्के महिला व बालविकासासाठी राखून ठेवलेले असतात, ते जिल्हा नियोजन समितीच्या हातात.

आता आकडा बघा. २०१७ साली ठरलेल्या दरानुसार सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलामागे आहाराला दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित मुलाला १२ रुपये, गरोदर आणि स्तनदा मातेला ९ रुपये ५० पैसे. हंगामात आहाराचे १०० दिवस धरले तर एका लेकराचे ८०० रुपये झाले. तळावर, म्हणजे कोप्यांच्या वस्तीवर, ४० लेकरं असतील तर ३२ हजार. ही रक्कम कुणी खाल्ली असं नेहमी नसतं. बऱ्याचदा ती मागितलेलीच नसते, कारण ती ४० नावं इथल्या पटावर नसतात आणि गावाकडच्या पटावर असतात ती गैरहजर म्हणून. पैसा नावामागे चालतो, म्हणून पुढच्या निम्म्या उत्तरांत मी ‘नाव घाला’ हेच सांगत बसलेय, त्याला इलाज नाही.

२. आम्ही बीड जिल्ह्यातले. इथल्या अंगणवाडीत लेकराला खाऊ मिळंल का? कागद काय लागतात?

मिळेल. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिलाय. त्यात ‘गावचा रहिवासी’ अशी अट नाही. तीन वर्षांखालच्या मुलांना घरी न्यायचा आहार, तीन ते सहाच्या मुलांना अंगणवाडीत शिजवलेला ताजा. पोटुशी बाई आणि बाळाला सहा महिने होईपर्यंतची बाळंतीणही त्यात आली.

आईचं आधार कार्ड आणि असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा. लेकराचं आधार नसलं तरी आईच्या आधारावर नोंद होते. फोन नंबर मात्र चालू असलेला द्या. मुकादमाचा दिलात तर संदेश त्याच्याकडे जातात आणि तो उसाच्या फडात असतो.

३. गावाकडं नाव आहे. इथं घातलं तर तिकडचं कापलं जाईल, मग परत गेल्यावर काय?

सेविका आणि आया दोघीही हे विचारतात, आणि दोघींची भीती खरी आहे. पूर्वी कागदी रजिस्टर असताना आमच्याकडे एक पद्धत होती, आज सांगायला हरकत नाही. टोळीच्या मुलांची नावं शेवटच्या पानांवर पेन्सिलीने लिहायची. एप्रिलमध्ये टोळी गेली की खोडरबर. कारण ही मुलं वजनाला कमी असतात, आणि पटावर घेतली की आपल्या अंगणवाडीचा कुपोषणाचा आकडा वर जातो, मग बैठकीत उभं करून विचारतात. मी स्वतः ती पानं बघून न बघितल्यासारखं केलंय.

आता पोषण ट्रॅकर ॲपमध्ये स्थलांतराची सोय आहे. मूल एका अंगणवाडीतून दुसरीकडे वळवता येतं, नोंद त्याच्यामागोमाग येते, आणि परत जाताना तसंच उलट करायचं. नाव कापलं जात नाही, हलतं. तिकडच्या सेविकेने सोडलं नाही तर इथे घेता येत नाही, हे खरं अडतं. त्यावर उपाय म्हणजे इथल्या सेविकेने सरळ तिकडच्या सेविकेला फोन लावायचा. नाहीच जमलं तर इथल्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांनी तिकडच्या अधिकाऱ्यांना कळवायचं. नोंद हलेपर्यंत लेकराला उपाशी परत पाठवायचं नाही.

अजून एक : घरी न्यायच्या आहारासाठी आता चेहरा पडताळणी लागते. आई पहाटे फडात जाते, म्हणून तिच्या ‘खाडा’च्या, म्हणजे कामाला सुट्टीच्या, दिवशी वाटप ठेवा. तळावर कुणालाही विचारा, खाडा कधी ते सांगतील.

४. अंगणवाडी दहाला उघडते. आम्ही पहाटे चारला फडात जातो. लेकराला सोडायचं कुणी?

या पानावरचा सगळ्यात अवघड प्रश्न हा, आणि नाव घालून तो सुटत नाही.

एका थंडीत सकाळी आठ वाजता तळावर गेले होते. पन्नासेक कोप्या, मोठं माणूस एक म्हातारी. आठ-नऊ वर्षांची एक पोर कडेवर भाऊ घेऊन उभी, भावाच्या हातात उसाचं कांडं, त्यावर माशा. शेजारच्या कोपीत एक रांगतं बाळ, त्याच्या कमरेला जुन्या साडीची पट्टी, पट्टीचं दुसरं टोक खाटेच्या पायाला. बाळ साडीभर अंतर जायचं आणि बसायचं. त्या पोरीला म्हटलं, अंगणवाडीत का आणत नाहीस याला? ती म्हणाली, “मग पाणी कोण आणंल?”

तर अंगणवाडीची वेळ आणि फडाची वेळ जुळत नाही. व्यवहारात मी तीन गोष्टी चालताना पाहिल्यात. शिजवलेला आहार तळावर नेऊन तिथेच वाढायचा, सेविका दोन तास तिथे बसते. किंवा टोळीतल्याच एखाद्या वयस्क बाईला मुलं सांभाळायला ठेवायची आणि तिची कोयत्याची, म्हणजे तोडणीची, मजुरी गावाने किंवा कारखान्याने भरून द्यायची. किंवा मग पाळणाघर, त्याचं प्रश्न ५ मध्ये. यातला पहिला मार्ग स्वस्त आहे, त्याला वेगळी मंजुरी फारशी लागत नाही, तो सेविकेच्या पायांवर चालतो. म्हणून प्रत्येक सेविकेकडून त्याची अपेक्षा धरणं बरोबर नाही.

वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल तर मागणी केल्यावर अंगणवाडी द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००६ चा आदेश आहे. मोठ्या तळावर तो आकडा सहज भरतो. अर्ज देताना मुलांची नावनिशीवार यादी जोडा. नुसतं ‘खूप मुलं आहेत’ लिहिलं की कागद फाईलला लागतो.

५. पाळणाघर कारखान्यानं चालवायचं की सरकारनं?

सरकारची योजना आहे. २०२२ पासून मिशन शक्तीखाली ‘पाळणा’ नावाने, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडून. खर्चाची वाटणी ६०-४०. प्रस्ताव महिला व बालविकास विभागामार्फत जातो. अडचण अशी की तो वर्षभराच्या पाळणाघराच्या हिशेबाने बांधलेला असतो आणि आपल्याला हवं असतं चार-पाच महिन्यांचं, तेही पहाटेचं. त्यामुळे गावातल्या शेतमजूर बायकांची मुलं धरून बारमाही प्रस्ताव करा. जून ते ऑक्टोबर तीच मुलं पट टिकवतील.

कारखान्याचं म्हणाल तर, ५० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं असं कायदा सांगतो. पण तोडणारी बाई कागदावर कारखान्याची कामगारच नसते. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा कोयत्याशी. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, दोघांच्या नावावर, लेकरू कुणाच्याच नाही. काही कारखाने आपखुशीने तळावर पाणी, दिवे, शेड देतात, त्यांच्याकडे मागायला लाजू नका. हक्क म्हणून मागितलंत तर वकील बोलतो, गरज म्हणून मागितलंत तर शेतकी अधिकारी बोलतो. मला स्वतःला हे पटत नाही, पण हंगामात लेकराला शेड लागते, निकाल नाही.

६. ग्रामपंचायत म्हणते, बाहेरच्यांवर खर्च करायला आमच्याकडं पैसे नाहीत. खरं का?

अर्धं खरं. वित्त आयोगाचा निधी गावाच्या लोकसंख्येवर ठरतो, त्यात टोळी धरलेली नसते. सरपंचांचा हा मुद्दा खोटा नाही.

पण ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, आणि त्यात कुठल्या गावची महिला हे लिहिलेलं नाही. वित्त आयोगाच्या निधीचा एक भाग (पंधराव्या आयोगात तो ६० टक्के होता) पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला असतो. तळावर नळकोंडाळं आणि तात्पुरते संडास त्यातून सुचवता येतात. मात्र हे आराखड्यात आधी यायला लागतं, त्यामुळे मागणी १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडा. टोळी तोवर आलेली नसते, म्हणून गावातल्याच कुणीतरी बोलायचं. शिक्षक, सेविका, ऊस घालणारा शेतकरी, कुणीही. शेवटी ऊस त्याचाच तुटणार असतो.

७. मुलगी सहा वर्षांची झाली. दाखला नाही, जन्माची नोंदही नाही. शाळा घेईल का?

घ्यावीच लागेल. २०१० पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा सांगतो की वयाचा पुरावा नाही म्हणून, दाखला यायला उशीर झाला म्हणून किंवा प्रवेशाची मुदत गेली म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश होईल हे बघणं स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे, असं त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये लिहिलंय. कुणी अडवलं तर हा कलमाचा आकडा शांतपणे उच्चारावा.

गावाकडच्या शाळेत नाव असेल तर निघतानाच शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवलं की इथली शाळा बसवून घेते आणि परत जाताना शिकवल्याची नोंद भरून देते. कार्ड विसरलात तर इथल्या गुरुजींना तिकडच्या गुरुजींचा नंबर द्या. तालुक्यात ‘बालरक्षक’ म्हणून काम करणारे शिक्षक असतात, ते ही जोडाजोड करतात.

८. पूर्वी कारखान्यावर साखरशाळा असायची. ती का बंद झाली? मुलांना गावाकडं ठेवायची सोय आहे का?

शिक्षण हक्क कायदा आल्यावर धोरण बदललं : वेगळी शाळा नको, जवळच्या जिल्हा परिषद शाळेतच घाला. तत्त्व चांगलं आहे. तळापासून शाळा दूर असली की ते तत्त्व डांबरी रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमधून वाट काढत चालतं.

गावाकडे ठेवण्यासाठी समग्र शिक्षाखाली हंगामी वसतिगृहं असतात, ती तिकडच्या शाळेतून चालतात, म्हणून चौकशी निघण्याआधी. शिवाय संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं ठरलीत, बहुतेक मराठवाडा आणि नगर, नाशिक, जळगावकडची. ही सगळी सोय शाळकरी पोरांची. अंगणवाडीच्या वयाचं लेकरू आईबरोबरच येतं.

९. प्रत्येक टनामागं १० रुपये कापतात म्हणे. त्यातून आम्हाला काय?

तुमच्या मजुरीतून कापत नाहीत. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्याने टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर राज्य सरकारने घालायची, असं ठरलंय. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे एक कोटी, सरकारचे एक कोटी, असा हिशेब. वसतिगृहांचा खर्च आणि कामगारांच्या योजना यातून.

लाभ घ्यायला ओळखपत्र लागतं, ते तुमच्या मूळ गावचे ग्रामसेवक देतात, इथले नाही. नवरा-बायको दोघांची नोंद वेगवेगळी करून घ्या. अनेक ठिकाणी बाईचं नाव घालायचं राहून जातं आणि पुढे सगळं तिथेच अडतं.

१०. रेशन इथं मिळतं का?

मिळतं. कोणत्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदयला कुटुंबाला ३५ किलो, आणि २०२३ पासून ते मोफत आहे. गावाकडे सासू-सासरे असतील तर त्यांच्यापुरतं तिकडे उचलता येतं, तुमच्यापुरतं इकडे. लहान मुलाचं नाव कार्डात चढवलंय का बघा, त्याचे ५ किलो दर महिन्याला बुडत असतात. दुकानदार “कोटा नाही” म्हणाला तर १९६७ वर फोन.

११. बाळंतपण इथंच होणार. पैसे कुठल्या गावातून मिळणार?

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, जेवण, न्यायची-आणायची गाडी सगळं मोफत, आणि बाळ आजारी पडलं तर वर्षाचं होईपर्यंत तेही. हे जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं, गाव कुठलं ते विचारायचं नाही.

मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५ हजार (आधी ३, मग जन्मनोंद आणि पहिल्या लसी झाल्यावर २), दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. आधार जोडलेल्या स्वतःच्या खात्यात येतात, त्यामुळे इथली आशाताई किंवा सेविका फॉर्म भरू शकते. बाळाची जन्मनोंद मात्र जिथे जन्म झाला तिथेच करायची. दाखला न घेता एप्रिलमध्ये गाव गाठलं की एका कागदासाठी परत तीनशे किलोमीटर. निघायच्या आधी घ्या, दोन प्रती घ्या.

१२. सेविकेनं दंडाला पट्टी लावली, लाल आली. दवाखान्यात १४ दिवस राहा म्हणते. मजुरी बुडंल त्याचं काय?

दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, याला थांबायचं नसतं. पोषण पुनर्वसन केंद्रात बाळाचा इलाज आणि आईचं जेवण मोफत असतं, आणि आईच्या बुडालेल्या मजुरीचीही तरतूद असते. ती दाखल होतानाच लिहून मागा.

खरी अडचण मजुरीची नसते, मुकादमाची असते. बाई उठली की कोयता अर्धा होतो. अशा वेळी मी मुकादमाशीच बोलायचे, त्याच्या बायकोसमोर. बहुतेक वेळा बायकोच निकाल द्यायची.

१३. आम्ही विजापूरकडचे, मराठी येत नाही. राज्य बदललं तर हे सगळं लागू होतं का?

अंगणवाडीचा आहार, लसी, शाळा, रेशन : हो, पोषण ट्रॅकर आणि रेशन दोन्ही देशभर चालतात. टनामागच्या १० रुपयांचं (प्रश्न ९) महाराष्ट्राचं आहे. भाषेचं म्हणाल तर जत तालुक्यात कन्नड घरोघर बोलतात, तिथे जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळाही आहेत. वाळव्यात किंवा कराडात एखादी जतची सून सेविका असेल तर काम सोपं होतं. आमच्या एका मदतनीस मावशींना ‘बा’ आणि ‘ऊटा’ एवढे दोनच शब्द यायचे. या आणि जेवण. पहिल्या आठवड्याला तेवढे पुरले.

१४. आम्ही जतचेच, जिल्हा तोच. मग स्थलांतरित धरतात का?

माण, खटाव, आटपाडीचे लोकही हे विचारतात. अंगणवाडी बदलली म्हणजे स्थलांतर, जिल्हा बदलायची गरज नाही. उलट तुमचं काम सोपं, दोन्ही प्रकल्प अधिकारी एकाच जिल्हा परिषदेच्या बैठकीला येतात. वीटभट्टीवर आलेल्यांनाही प्रश्न २ ते ४ जसेच्या तसे लागू.

१५. दुसऱ्या देशातून आलेल्या निर्वासित कुटुंबांच्या मुलांना यातलं काय मिळतं?

सातारा-सांगलीतून हा प्रश्न क्वचित येतो, पण येतो. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि त्यांच्यासाठी वेगळा कायदाही नाही. तरी शिक्षण हक्क कायदा ‘प्रत्येक मूल’ म्हणतो आणि लस टोचताना नागरिकत्व विचारत नाहीत. पैसे खात्यात जमा होणाऱ्या योजना मात्र आधारशी अडतात.

आपल्या भागाला हे नवं नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्यात १९४३ ते १९४८ दरम्यान पाच हजारांच्या आसपास पोलिश लोक राहत होते, त्यात बायका-मुलंच जास्त. शाळा, दवाखाना सगळं होतं. त्या छावणीचा खर्च सुरुवातीला लंडनमधलं त्यांचं परागंदा सरकार उचलत होतं. पैसे कोण देणार हे तिथे पहिल्यापासून ठरलेलं होतं, तेवढा फरक.

१६. आमचं तरुण मंडळ तळावर मुलांचा वर्ग चालवतं. सरकारी अनुदान मिळेल का?

सहसा नाही. वरचा जवळजवळ सगळा पैसा जिल्हा परिषद, प्रकल्प कार्यालय आणि शाळा यांच्यामार्फतच खर्च होतो. नोंदणी, लेखापरीक्षण, दर्पण पोर्टल (संस्थांच्या नोंदीचं सरकारी संकेतस्थळ) हे सगळं करून बसेपर्यंत हंगाम संपतो. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी मागायला जाणार असाल तर आधी बघा : सहकारी कारखाना सहकार कायद्याखाली येतो, त्याला कंपनी कायद्यातली दोन टक्क्यांची सक्ती नाही. खाजगी कारखाना कंपनी असतो, तिथे नफ्या-उलाढालीच्या अटीत बसत असेल तर मागता येतं.

माझं मत विचाराल तर वर्ग चालवण्याआधी यादी करा. नाव, वय, मूळ गाव, तिकडची अंगणवाडी, आईचा फोन. मंडळाने केलेली अशी यादी प्रकल्प कार्यालयात पोचली, की वर्गापेक्षा जास्त पैसा ती यादी आणते.

१७. हंगाम अर्ध्यात तळच हलला. सांगलीतून साताऱ्यात गेलो. आता?

पुन्हा प्रश्न ३. पण इथे वेळ मिळत नाही, रात्रीत कोप्या मोडून ट्रॅक्टर निघतात. म्हणून सेविकांना सांगून ठेवलंय की तळ बसला त्याच आठवड्यात प्रत्येक आईच्या कार्डावर अंगणवाडीचं नाव, स्वतःचा नंबर आणि लेकराचं वजन पेनने लिहून द्या. आया ते कार्ड मिश्रीच्या डबीबरोबर एका पिशवीत गुंडाळून ठेवतात, आणि ती पिशवी तळ हलताना मागे राहत नाही.